कारचा स्टिरिओ अचानक बंद पडला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"गाडीतला टेप बंद पडलाय, नवीन कोणता घेऊ?" या प्रश्नावर माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी जुन्याला करंट मिळतोय का ते बघा. अचानक गप्प झालेले कितीतरी डेक (म्हणजे डॅशबोर्डमधलं स्टिरिओचं मुख्य युनिट) आतून धडधाकट निघतात. बिघाड असतो फ्यूजमध्ये, अर्थमध्ये (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर), ढिल्या कपलरमध्ये (वायरी जोडणारा प्लग) नाहीतर बॅटरीत. एवढ्यासाठी चांगला डेक भंगारात जाऊ नये, म्हणून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. जी गोष्ट एका उत्तरात आली आहे ती पुन्हा न लिहिता तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालत होता. आज चावी फिरवली तर काहीच नाही, लाईटसुद्धा लागत नाही. सुरुवात कुठून करू?

हातात पक्कड घेण्याआधी गाडीत बसून आजूबाजूचं बघा. केबिनचा दिवा लागतो का? चार्जिंगचं सॉकेट चालतं का? घड्याळ, सेंट्रल लॉक, आरसे हलवणारं बटण? बऱ्याच गाड्यांत स्टिरिओचा फ्यूज यांपैकी एखाद्या गोष्टीबरोबर सामाईक असतो. स्टिरिओबरोबर चार्जिंग सॉकेटही मेलं असेल तर डेकला हात लावायची गरजच नाही, सरळ फ्यूज बॉक्सकडे जा (प्रश्न २). सॉकेटमध्ये स्वस्तातला चार्जर अडकवला आणि त्याची टोकं आत शॉर्ट झाली, हे यामागचं नेहमीचं कारण.

बाकी सगळं चालतंय आणि फक्त स्टिरिओ बंद आहे, तरीही आधी फ्यूज बघा, मग वायरचा करंट (प्रश्न ४). नुकतीच बॅटरी बदलली असेल तर प्रश्न ५ ते ७ वाचा. डेकचा पुढचा पॅनेल निघणारा असेल तर तो काढून मागचे सोनेरी पॉइंट आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसा आणि नीट दाबून बसवा. नुसता पॅनेल नीट न बसल्यामुळे "मेलेले" डेक मी पाहिले आहेत.

२. फ्यूज नेमका कुठे असतो? उडालेला कसा ओळखायचा?

स्टिरिओच्या मार्गात बहुधा एकापेक्षा जास्त फ्यूज असतात. पहिली जागा डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळचा बॉक्स. दुसरी बॉनेटखाली, बॅटरीशेजारचा बॉक्स. बाहेरून बसवलेला डेक असेल तर तिसरा फ्यूज डेकच्या पाठीवर असतो, बहुतेक वेळा १० किंवा १५ ॲम्पिअरचा. लोक पहिला बघतात आणि थांबतात. तिन्ही बघा.

झाकणाच्या आतल्या बाजूला तक्ता असतो, नाहीतर गाडीच्या पुस्तकात. त्यात 'ऑडिओ', 'रेडिओ', 'एसीसी' (चावीची इंजिन चालू होण्याआधीची पायरी) किंवा 'बॅकअप' अशी नावं शोधा. चावी बंद करून फ्यूज उपसा आणि उजेडात धरा. मधली तार तुटलेली किंवा प्लास्टिक काळवंडलेलं दिसेल. पण तार कधीकधी पायाजवळ, न दिसणाऱ्या जागी तुटते. म्हणून मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड आहे का ते सांगणारी सेटिंग) ठेवून बीप येतो का ते तपासलेलं बरं.

रंगावरून ॲम्पिअर कळतात: ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरट, ३० हिरवा. आहे त्याच रंगाचा घाला.

३. नवा फ्यूज घातला की लगेच उडतो. थोडा मोठा घालून चालेल का?

नाही. फ्यूज वायरची जाडी बघून ठरवलेला असतो. १० च्या जागी ३० घातला तर फ्यूज शाबूत राहील आणि डॅशबोर्डच्या मागे वायर तापून जळेल. सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं किंवा तारेचा तुकडा घालणं त्याहून वाईट. गाड्यांना आगी अशाच लागतात.

शॉर्ट कुठे आहे ते असं शोधा. डेकच्या मागचा कपलर काढा आणि नवा फ्यूज घाला. तरीही उडाला तर शॉर्ट गाडीच्या वायरिंगमध्ये आहे: कुठेतरी वायर पत्र्याला घासली आहे, स्क्रू आत घुसला आहे किंवा उंदराने इन्सुलेशन खाल्लं आहे (प्रश्न १७). उडाला नाही आणि कपलर जोडताच उडाला, तर शॉर्ट डेकच्या आत आहे. या चाचणीत दोन-तीन फ्यूज खर्ची पडतील, पण अर्धा शोध तिथेच संपतो.

४. फ्यूज सगळे ठीक आहेत. आता वायरला करंट येतो की नाही ते मी घरी तपासू शकतो का?

शकता, आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच आहे. साधा मल्टीमीटर लागतो. गाडी तीन-चार वर्षांच्या आतली आणि कंपनीच्याच स्क्रीनची असेल तर मात्र आधी प्रश्न २१ वाचा.

बाहेरून घेतलेल्या डेकच्या लीडमध्ये (डेकला जोडायच्या वायरींच्या जुडग्यात) तीन वायर मुख्य असतात. पिवळीत कायम १२ व्होल्ट हवेत, चावी बंद असतानाही. तिच्यावर घड्याळ आणि स्टेशनांची मेमरी टिकते. लाल वायरीत चावी 'एसीसी'वर आल्यावरच १२ व्होल्ट यायला हवेत. डेकने केव्हा जागं व्हायचं ते ही वायर सांगते. काळी म्हणजे अर्थ. हे रंग डेकच्या लीडचे आहेत, गाडीच्या वायरिंगमध्ये प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात, त्यामुळे कपलर जिथे जुळतो तिथे डेकच्या बाजूच्या रंगावरून बघा.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब पत्र्याच्या उघड्या, घट्ट स्क्रूवर धरून लाल प्रोब आधी पिवळीला, मग लालला लावा. पिवळीत करंट नाही म्हणजे फ्यूज किंवा मागची वायर. पिवळीत आहे पण चावी फिरवूनही लालमध्ये नाही, तर एसीसीचा फ्यूज किंवा इग्निशन स्विच. स्विचच्या पॉइंटवर काजळी धरली की चावी जरा मागेपुढे केल्यावर डेक लागतो, ही त्याची खूण.

आता जिथे भलेभले फसतात ती गोष्ट. मीटरमध्ये १२.४ व्होल्ट दिसतात आणि तरीही डेक मेलेला. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीची एकच बारीक तार शिल्लक असली किंवा कपलरच्या पिनवर हिरवा गंज असला तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. डेकने करंट ओढायला सुरुवात केली की व्होल्ट कोसळतात. म्हणून इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट, दोन वायरी जोडून जवळ ठेवा. तो पिवळी आणि काळीमध्ये लावा. लख्ख पेटला तर पिवळी वायर आणि अर्थ दोन्ही खरोखर चांगले. मिणमिणला तर यातलं एक खराब. बल्बची काळी बाजू काढून सरळ पत्र्याला लावा: आता लख्ख पेटला तर दोष अर्थचा, तरीही मिणमिणला तर पिवळीचा. त्यानंतर बल्ब लाल वायरीवरही लावून बघा.

दोन्ही वायरी आणि अर्थ बल्ब पेटवतात, डेकच्या पाठीवरचा फ्यूजही शाबूत आहे, आणि तरीही डेक लागत नाही, तेव्हाच डेक खराब म्हणा. पिवळ्या रंगाच्या आवरणाचे किंवा पिवळे कपलर दिसले तर त्यांना प्रोब किंवा बल्ब अजिबात लावू नका, ते बहुधा एअरबॅगचे असतात.

५. बॅटरी बदलल्यापासून स्टिरिओ कोड मागतोय. माझ्याकडे कोड नाही.

डेक बिघडलेला नाही, त्याला वाटतंय की तो चोरीला गेला आहे. होंडा, रेनॉ, फोर्ड, स्कोडा, फोक्सवॅगनच्या बऱ्याच मॉडेलांत ही सोय आहे. जुन्या स्कोडा-फोक्सवॅगन डेकवर 'सेफ' असं दिसतं.

कोड गाडीच्या पुस्तकांच्या पाकिटातल्या छोट्या कार्डावर असतो. तिथे नसेल तर ग्लव्ह बॉक्सच्या आतलं स्टिकर बघा. सेकंडहँड गाडी असेल तर जुन्या मालकाला फोन करा. कुठेच नसेल तर आरसी आणि ओळखपत्र घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, डेकच्या सिरीयल नंबरवरून ते कोड काढून देतात. काही होंडा गाड्यांत पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की डेक गाडीला ओळखतो आणि कोडशिवाय चालू होतो, तेवढं आधी करून बघा.

अंदाजाने आकडे टाकत बसू नका. काही चुका झाल्या की डेक स्वतःला कुलूप घालतो. जुन्या फोक्सवॅगन-स्कोडात हे कुलूप साधारण तासाभराचं असतं आणि तेवढा वेळ डेक चालू ठेवावा लागतो. तो बंद केला तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

६. बॅटरी उतरली होती, शेजारच्या गाडीवरून जंप स्टार्ट केलं. गाडी चालू झाली, स्टिरिओ मात्र बंद.

केबल लावताना क्षणभर जरी उलटसुलट लागल्या असतील, तरी पहिला बळी फ्यूज असतो. तिन्ही ठिकाणचे फ्यूज बघा, शिवाय बॉनेटखाली बॅटरीच्या टर्मिनलवर बसवलेला मोठा मेन फ्यूजही.

फ्यूज बदलून तो परत उडत असेल तर डेकच्या आतला उलट्या करंटपासून वाचवणारा डायोड शॉर्ट झालेला असतो. त्याचं कामच ते आहे: स्वतः जळून बाकीचं सर्किट वाचवणं. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा माणूस तो थोडक्या पैशांत बदलून देतो. "बोर्ड गेला" ऐकून लगेच डेक टाकून देऊ नका, आधी डायोड तपासायला सांगा.

७. ह्युंदाईच्या स्क्रीनवर 'टर्न ऑन फ्यूज स्विच' असं येतंय, आणि घड्याळ-रेडिओची सेटिंग राहत नाहीत.

ह्युंदाईच्या अनेक मॉडेलांत डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समध्ये एक छोटा स्विच असतो. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तेव्हा बॅटरी उतरू नये म्हणून तो बंद ठेवतात. सर्व्हिसिंगच्या वेळी किंवा फ्यूज शोधताना तो चुकून बंद होतो. झाकण उघडून 'ऑन' करा. इतकंच.

८. डिस्प्ले लागतो, गाणं पुढे सरकताना दिसतं, पण आवाज कुठूनच येत नाही.

आधी सेटिंग. म्यूट किंवा 'एटीटी' (आवाज एकदम खाली आणणारं बटण) चालू नाही ना? फेडर (पुढचे-मागचे स्पीकर) आणि बॅलन्स (डावे-उजवे) मधोमध आहेत ना? मुलं मागे-पुढे बोटं फिरवून फेडर शेवटाला नेऊन ठेवतात, आणि गाडीत दोनच स्पीकर असले तर पूर्ण शांतता होते. एक फोन ब्लूटूथवर "कॉलवर" अडकला तरी गाणं गप्प राहतं; फोनचं ब्लूटूथ बंद करून बघा.

नंतर वायरिंग. काही डेकना तपकिरी रंगाची 'टेलिफोन म्यूट' वायर असते. तिचं उघडं टोक पत्र्याला टेकलं की डेक स्वतःला म्यूट करतो. टेप लावून ती वेगळी बांधा.

वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर त्याचा दिवा बघा. दिवाच नाही म्हणजे बॅटरीजवळचा त्याचा फ्यूज किंवा डेककडून येणारी निळी-पांढरी वायर तपासा. डेक चालू असताना त्या वायरीत १२ व्होल्ट हवेत, नाहीतर ॲम्प झोपलेलाच राहतो. लाल 'प्रोटेक्ट' दिवा असेल तर पुढचा प्रश्न.

९. डेकवर 'ॲम्प एरर', 'प्रोटेक्ट' किंवा 'ऑफसेट' असं येऊन आवाज बंद होतो. डेक गेला का?

पायोनिअर 'ॲम्प एरर' म्हणतो, केनवुड 'प्रोटेक्ट', सोनी 'ऑफसेट', जेव्हीसी वायरिंग तपासायला सांगतो. सगळ्यांचा अर्थ जवळपास एकच: स्पीकरच्या बाजूला काहीतरी गडबड आहे म्हणून डेकने स्वतःचं रक्षण केलं आहे.

डेकच्या स्पीकर वायरींत दोन्ही टोकांवर साधारण ६ व्होल्ट उभे असतात, निगेटिव्हवरसुद्धा. जुन्या टेपच्या काळात स्पीकरची एक वायर पत्र्याला जोडायची पद्धत होती. आजच्या डेकला तसं केलं, किंवा आठपैकी कुठलीही स्पीकर वायर चुकून बॉडीला टेकली, की तो लगेच प्रोटेक्टमध्ये जातो.

स्पीकरच्या आठही वायरी डेकपासून सोडवा आणि डेक चालू करा. एरर गेला तर डेक ठीक आहे. डेक बंद करून एकेक जोडी लावा आणि पुन्हा चालू करा. ज्या जोडीवर एरर परत येतो तिथे शॉर्ट आहे. तो बहुतेकदा दरवाजात, काचेच्या मशिनला वायर घासून झालेला असतो. सगळ्या वायरी मोकळ्या असतानाही एरर टिकला तर आतला ऑडिओ आयसी (स्पीकरला आवाज पुरवणारी चिप) गेला आहे. तो बदलता येतो, प्रश्न २२ पाहा.

१०. फक्त एकाच दरवाजाचा स्पीकर बंद आहे. दार आपटलं की कधी वाजतो, कधी नाही.

दार आणि खांब यांच्यामध्ये काळी रबरी नळी असते, तिच्यातून स्पीकरची वायर जाते. रोज दार उघडमिट होऊन ती आत तुटते. बाहेरून नळी अखंड दिसते. गाणं लावा, दार हळूहळू उघडा आणि नळी बोटांनी वाकवा. खरखर होऊन आवाज आला-गेला तर जागा सापडली. तिथे वायर कापून थोडी जादा लांबी देऊन जोडा, नुसती पिळून टेप लावली तर काही महिन्यांत पुन्हा तुटेल.

स्पीकरच गेला आहे का, हे बघायला भिंतीवरच्या घड्याळातला १.५ व्होल्टचा सेल पुरतो. वायर डेकपासून सोडवून तिची दोन टोकं क्षणभर सेलला टेकवा. 'टक्' आवाज आला आणि पडदा हलला तर स्पीकर जिवंत. मीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ४ ओहम दाखवतो. अनंत दाखवला तर कॉइल किंवा वायर तुटली आहे.

११. सेल्फ मारला की स्टिरिओ बंद होऊन परत सुरू होतो. आवाज वाढवला तरी असंच होतं.

सेल्फ मारताना क्षणभर बंद होणं बऱ्याच गाड्यांत नैसर्गिक आहे, कारण तेव्हा एसीसीचा करंट मुद्दाम तोडला जातो. प्रत्येक वेळी घड्याळ शून्यावर येत असेल किंवा स्क्रीन पहिल्यापासून सुरू होत असेल तर मात्र बॅटरी बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे बॅटरी जेमतेम निम्मी भरलेली. इंजिन चालू असताना सहसा १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. तेवढे येत नसतील तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) दाखवा.

बॅटरी ठणठणीत असूनही आवाज वाढवला की डेक बंद होतो, तेव्हा अर्थवर संशय घ्या. गाणं जोरात लावून मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा डेकच्या काळ्या वायरीवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर काळी वायर नव्याने, रंग खरवडून काढलेल्या पत्र्यावर घट्ट बसवा.

१२. खड्ड्यातून गेलं की बंद होतो, पुढच्या खड्ड्यात चालू होतो.

डेक बाहेर ओढा, चालू ठेवा आणि मागचा कपलर, एकेक जोड हळूच हलवून बघा. स्वस्तात बसवलेल्या डेकमध्ये वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते. उन्हाने टेपचा गोंद सुटतो आणि जोड मोकळा होतो. सगळे जोड सोल्डर किंवा क्रिंप (दाबून बसवलेला जोड) करून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. डेकच्या पाठीचा आधाराचा स्क्रू नसेल तर तोही लावा, नाहीतर डेकचं सगळं वजन आणि धक्के कपलरवर येतात.

१३. बाकी सगळं चालतं, फक्त एफएम लागत नाही.

छतावरची अँटेनाची काडी आहे ना? वॉशिंग सेंटरला काढून ठेवलेली काडी तिथेच राहते. असेल तर घट्ट पिळा. नंतर डेकच्या मागची जाड अँटेना केबल पूर्ण आत बसली आहे का ते पाहा. छोट्या काडीच्या किंवा शार्क फिनच्या अँटेनाला बुडाशी बूस्टर असतो, त्याला डेकच्या निळ्या वायरीतून १२ व्होल्ट लागतात. नवा डेक बसवताना ही वायर जोडायची राहिली की जवळचं एखादंच स्टेशन लागतं.

खरखर अलीकडे सुरू झाली असेल तर डॅशकॅमचा चार्जर आणि बाहेरून लावलेले एलईडी बल्ब एकेक करून बंद करा. यातले स्वस्त प्रकार एफएमच्या पट्ट्यात भरपूर गोंगाट सोडतात. घाटात, बोगद्यात किंवा शहरापासून लांब गेल्यावर स्टेशन जाणं हा बिघाड नाही. एफएमच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत.

१४. अमेरिकेहून भावाने डेक पाठवला. बरीच स्टेशनं लागतात, पण १०४.० आणि १०६.४ लागतच नाहीत.

अमेरिकेत एफएमची स्टेशनं ०.२ च्या टप्प्याने आणि विषम दशांशावर असतात: ९८.१, ९८.३, ९८.५. डेक त्या प्रदेशावर सेट असेल तर १०४.० वर तो थांबतच नाही. मेनूमध्ये 'एरिया' किंवा 'ट्यूनर स्टेप' शोधून युरोप किंवा आशिया करा. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या जुन्या डेकची गोष्ट वेगळी: त्यांचा पट्टा ७६ पासून ९० पर्यंतच असतो, त्यामुळे आपली बहुतेक स्टेशनं त्यांत येत नाहीत.

१५. अँड्रॉइड स्क्रीन लोगोवरच अडकते किंवा सारखी रीस्टार्ट होते.

आधी पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, सगळं काढा. खराब कार्डावर स्क्रीन तासन्‌तास अडकते. मग पॅनेलवर 'आरएसटी' लिहिलेलं बारीक भोक असतं, त्यात टाचणीचं टोक काही सेकंद दाबा. तरीही तेच झालं तर सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी पिवळी वायर बल्बने तपासा (प्रश्न ४). या स्क्रीन सुरू होताना जास्त करंट ओढतात, तेव्हा व्होल्ट खाली आले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मिळालेली कुठलीही फाइल टाकून अपडेट करू नका. चुकीच्या फर्मवेअरने टच उलटा चालतो किंवा स्क्रीन कायमची काळी पडते.

१६. पेन ड्राइव्ह वाचत नाही, फोनची अँड्रॉइड ऑटो जुळत नाही. यूएसबी खराब झाली का?

दुसरी केबल लावून बघा. कित्येक केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही. पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरवर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा (आतली गाणी आधी दुसरीकडे ठेवा), जुने डेक एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचत नाहीत. ब्लूटूथसाठी फोन आणि डेक दोन्हीकडून जुनी जोडणी पुसून नव्याने जोडा.

१७. दरवर्षी पावसाळ्यातच बंद पडतो. पाणी तर आत आलेलं दिसत नाही.

पाणी दिसेलच असं नाही. अँटेनाच्या बुडाचं रबर वाळलं की पाणी केबलवरून छताच्या आतून खाली उतरतं. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साचली की तुंबलेलं पाणी डॅशबोर्डमागे झिरपतं. सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळ्या चोंदल्या तरी तेच. पायाखालचं मॅट उचलून गालिचा दाबून बघा, ओल असेल तर वाट शोधा. पिनवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पूर्ण वाळवून जोडा. ओला डेक चालू करून बघण्याची घाई करू नका, बोर्ड ओला असताना करंट दिला तर खरं नुकसान तेव्हा होतं.

दुसरं कारण उंदीर. पावसात ते कोरडी, उबदार जागा शोधतात आणि सोसायटीत उभी असलेली गाडी त्यांना आयती मिळते. फ्यूज बॉक्सवर लेंड्या, कापसाचे पुंजके, कुरतडलेला फोम दिसला तर स्टिरिओपुरतं बघून थांबू नका. इंजिनचं, ब्रेकच्या सेन्सरचं वायरिंगही तपासून घ्या. गाडीत खाण्याचे तुकडे ठेवू नका आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी हलवा.

१८. मे महिन्यात दुपारी उन्हात उभी केली की स्टिरिओ लागत नाही, संध्याकाळी लागतो.

डेकमध्ये उष्णतेपासून वाचवणारी सोय असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही, आतला डेक त्याहून वेगळा नसतो. काचा खाली करून, एसी लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा. गाडी थंड झाल्यावरही गाणी वाजवताना पुन्हा बंद पडत असेल तर डेकच्या मागे वायरींचा गठ्ठा कोंबून हवा अडवली आहे का ते बघा.

१९. उलटं झालंय: चावी काढली तरी स्टिरिओ चालूच राहतो, किंवा चावी काढली की सगळी सेटिंग पुसली जातात.

दोन्हीचं मूळ पिवळी आणि लाल वायरींत आहे. सेटिंग पुसली जात असतील तर दोघींची अदलाबदल झाली आहे. जुन्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या आयएसओ कपलरमध्ये या दोन जागा मुळातच उलट असतात, म्हणून बाहेरचा डेक लावला की हे हमखास होतं. कित्येक लीडमध्ये अदलाबदल करायचे छोटे जोड दिलेलेच असतात.

चावी काढूनही चालू राहत असेल तर दोन्ही वायरी एकत्र पिवळीच्या करंटवर जोडलेल्या आहेत. बसवणाऱ्याला एसीसी सापडली नाही की तो असं करतो. डेक स्वतः बंद केला तरी तो आत थोडा जागा राहतो आणि चार-आठ दिवसांत बॅटरी उतरवतो.

२०. स्टिअरिंगवरची बटणं बंद पडली, स्टिरिओ ठीक आहे.

हॉर्न वाजतो का आणि एअरबॅगचा दिवा लागला आहे का ते बघा. तिन्ही एकत्र बिघडलं तर स्टिअरिंगमधला क्लॉक स्प्रिंग, म्हणजे गुंडाळी झालेली चपटी केबल, तुटला आहे. तिथे एअरबॅग आहे, घरी उघडू नका. फक्त बटणंच बंद असतील आणि डेक नवा असेल तर मेनूमध्ये बटणं पुन्हा शिकवावी लागतात.

२१. माझी गाडी नवी आहे, कंपनीचीच मोठी स्क्रीन आहे. मागे लाल वायर सापडत नाही. इलेक्ट्रिक गाडीत काय वेगळं?

अनेक नव्या गाड्यांत चावी चालू झाल्याचा निरोप स्क्रीनला डेटा वायरीवरून, म्हणजे कॅन बसवरून येतो. तिथे बल्ब लावून करंट शोधणं धोक्याचं आहे. फक्त पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून रीसेट करा, फ्यूज बघा आणि पुढचं काम स्कॅनर (गाडीतले एरर वाचणारं यंत्र) असलेल्या माणसाला द्या. वॉरंटी असेल तर कुठलीही वायर कापू देऊ नका. इलेक्ट्रिकल भागाची वॉरंटी नाकारायला कापलेली वायर हे आयतं कारण ठरतं. काही बसवायचंच असेल तर कपलर-टू-कपलर लीड मागा.

इलेक्ट्रिक गाडीतही स्टिरिओ चालतो तो वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असूनही ही छोटी उतरली तर स्क्रीन लागत नाही. तिचे व्होल्ट प्रश्न ११ प्रमाणे मोजा. नारिंगी आवरणाच्या केबल हाय व्होल्टेजच्या असतात, त्यांच्या जवळ हात नेऊ नका.

२२. सगळं तपासलं, डेकच खराब आहे. दुरुस्त करू की नवा घेऊ?

ऑडिओ आयसी, डायोड, फ्यूजचा पॉइंट, व्हॉल्यूमचं बटण, यूएसबी सॉकेट: हे सगळं बदलता येतं आणि नव्या डेकच्या मानाने बरंच स्वस्त पडतं. कंपनीच्या डेकला कॅमेरा, स्टिअरिंगची बटणं, गाडीची सेटिंग जोडलेली असतात, म्हणून तो शक्यतो दुरुस्तच करा. टच पॅनेल फुटला असेल तर फक्त काचेचा भाग मिळतो का विचारा. मुख्य प्रोसेसरचा बोर्ड गेला असेल किंवा पाण्याने बोर्ड कुजला असेल तर पैसे घालू नका.

दुरुस्तीला देताना तुम्ही काय काय तपासलं ते कागदावर लिहून द्या: पिवळीत किती व्होल्ट, लालमध्ये किती, बल्ब कसा पेटला, स्पीकर सोडवल्यावर एरर गेला का. डेक, त्याची लीड आणि कोडचं कार्ड एकत्र द्या, आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या.